लग्नाचा कागद आणि तिकडचा साहेब

माळशिरस तालुक्यात मी ग्रामसेवक म्हणून नोकरी केली. आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. ग्रामपंचायतीच्या हद्दीत हाच माणूस विवाह निबंधक असतो, हे बहुतेकांना गरज पडल्याशिवाय कळत नाही. माझ्या सुरुवातीच्या काळात लग्ननोंदणीला फारसं कुणी यायचं नाही. अख्ख्या गावाने अक्षता टाकल्यात, मग कागद कशाला, असा सरळ हिशोब. पुढे अकलूज, माळीनगर, नातेपुते, वेळापूर इकडची मुलं इंजिनिअर होऊन पुण्याला गेली, पुण्याहून अमेरिका-ऑस्ट्रेलियाला पोचली, आणि त्यांच्या लग्नाचे कागद मागायला आईबाप पंचायतीत येऊ लागले. निवृत्तीनंतरही घरी येतात. "भाऊसाहेब, गावजेवण घालून लगीन केलंय, तरी तिकडचा साहेब म्हणतोय खरं कशावरून?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय, की एकदा सगळं सविस्तर लिहावं असं वाटलं.

साहेब असं का विचारतो, ते आधी पाहू. परदेशाचा नागरिक किंवा तिथला कायम रहिवासी असलेला मुलगा आपल्या बायकोला कायमचं तिकडे नेण्यासाठी अर्ज करतो, तेव्हा अधिकारी दोन गोष्टी तपासतो. लग्न कायदेशीर झालं का, आणि ते संसारासाठी झालं की त्या देशात शिरण्यापुरतं. पहिलीला दाखला पुरतो, दुसरीला पुरत नाही. पैसे घेऊन कागदोपत्री लग्न लावणारे लोक सगळ्या देशांत निघाले, म्हणून कायदे कडक झाले. अमेरिकेने १९८६ साली यासाठी वेगळा कायदा केला. व्हिसासाठी खोटं लग्न केल्याचं सिद्ध झालं तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड. शिवाय एकदा तो शिक्का बसला, की त्या माणसाने पुढे कितीही खरं लग्न केलं तरी त्या लग्नाच्या आधारावर त्याला ग्रीन कार्ड मिळत नाही.

आपल्याकडची लग्नं तर खरीच असतात. मग अडतं कुठे? माझ्या अनुभवात खऱ्या लग्नात घरच्यांनी सोयीसाठी घातलेल्या छोट्या खोट्यापाशी अडतं.

सगळ्यात मोठी भानगड तारखेची. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानुसार लग्नाची नोंदणी सक्तीची आहे आणि लग्नानंतर ९० दिवसांत ज्ञापन द्यायचं असतं. वधू-वर आणि तीन साक्षीदार समक्ष हजर, पुरोहिताची सही, लग्नपत्रिका, वयाचे पुरावे, फोटो. मुदत उलटली तर दंड भरून नोंद होते, म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही सगळ्या धर्मांच्या लग्नांची नोंदणी सक्तीची करा, असं राज्यांना सांगितलं होतं.

पण आमच्याकडे येणाऱ्यांना पुष्कळदा उलटं हवं असायचं. मुहूर्त वैशाखातला आणि दाखला माघातला. कारण मुलाच्या कंपनीमार्फत चाललेलं ग्रीन कार्ड. नोकरीवरच्या अर्जात बायकोला नवऱ्याबरोबरच कार्ड मिळू शकतं, पण लग्न त्याचं कार्ड मंजूर होण्याआधी झालेलं असावं लागतं. लग्न नंतर झालं तर तिच्यासाठी वेगळा अर्ज, वेगळी रांग. त्यामुळे त्या एका तारखेसाठी माणसं कासावीस होतात. "भाऊसाहेब, लग्न तर होणारच आहे, तुम्ही नुसती आधी नोंद घ्या." मुलीच्या बापाची घालमेल मला कळायची, तरी मी नकार द्यायचो आणि आजही तोच सल्ला देईन. तारीख गाठायचीच असेल तर खरंखुरं लग्न आधी लावा. चार माणसांत, घरच्या देव्हाऱ्यापुढे लावा, विशेष विवाह कायद्याने ३० दिवसांची नोटीस देऊन लावा; मोठा बार वैशाखात उडवा. मात्र जे झालंच नाही त्याचा दाखला घेऊ नका.

एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमक्या याच प्रकारावर बोट ठेवलं. न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्यापुढे एका जोडप्याचं प्रकरण होतं. विधी झालेच नव्हते, पण एका संस्थेचं प्रमाणपत्र होतं आणि त्यावर सरकारी नोंदही झाली होती. न्यायालयाने सांगितलं, हिंदू विवाह कायद्याखाली विधीच झाले नसतील तर नुसत्या नोंदणीने लग्न होत नाही. वेळ वाचवण्यासाठी, व्हिसाचा अर्ज करता यावा म्हणून आईबाप आधी नोंदणी करून ठेवतात, त्या पद्धतीलाही न्यायालयाने स्पष्ट शब्दांत नापसंती दिली. तेव्हा असा दाखला घेऊन मुंबईच्या वकिलातीत उभं राहणाऱ्या मुलीचा पायाच डळमळीत असतो. पत्रिकेवर एक तारीख, दाखल्यावर दुसरी, मंगल कार्यालयाच्या पावतीवर तिसरी, आणि उत्तर द्यायचं तिने एकटीने.

व्हिडिओ कॉलवर लावलेल्या लग्नांचंही असंच. दोघं एका जागी हजर नसताना झालेलं लग्न कॅनडा २०१५ पासून सहसा मानत नाही. अमेरिकाही ते धरत नाही, त्यानंतर दोघं पतिपत्नी म्हणून एकत्र आले असतील तरच धरते.

आता दुसरी तपासणी, संसाराची. ऑस्ट्रेलियाच्या १९९४ च्या नियमांत तिचे चार भाग सांगितलेत आणि मला ते सगळ्यात समजायला सोपे वाटतात. दोघांचा पैशाचा व्यवहार एकत्र आहे का, घर कसं चालतं, नातेवाईक आणि ओळखीपाळखीचे लोक त्या दोघांना नवराबायको म्हणून ओळखतात का, आणि दोघांनी एकमेकांशी बांधून घेतलंय का. बाकीचे देश शब्द वेगळे वापरतात, पण बघतात हेच. तिकडे राहणाऱ्यांसाठी संयुक्त बँक खातं, दोघांच्या नावचा घरभाडे करार, विम्यावर वारस म्हणून जोडीदाराचं नाव, मूल असेल तर त्याचा जन्मदाखला.

इकडे सासरी राहून व्हिसाची वाट बघणाऱ्या मुलीचं काय? तिच्याकडे भाडेकरार कुठून येणार? पण तिच्याकडे दुसरं असतं. माहेरच्या रेशनकार्डातून नाव कमी होऊन सासरच्या कार्डात चढलेलं असतं. मतदार यादीत, आधारवर सासरचा पत्ता असतो. नवरा दरमहा तिच्या खात्यावर पैसे पाठवतो, त्याचं पासबुक असतं. तो सुट्टीवर आला त्याचे बोर्डिंग पास, पासपोर्टवरचे शिक्के. फोटोंच्या बाबतीत लोक हमखास चुकतात. अल्बममधले हार घातलेले दोनशे फोटो देतात आणि नंतरचा एकही देत नाहीत. साहेबाला लग्नाच्या दिवसाइतकाच पुढचा काळ बघायचा असतो. आषाढात नवरा आला, पुरंदवड्याच्या रिंगणाला सगळं घर गेलं. वेळापूरला अर्धनारी नटेश्वराच्या देवळात दोघं आईबरोबर उभी आहेत. दिराच्या हळदीत ती दोघं राबताहेत. असे थोडे फोटो, मागे तारीख आणि माणसांची नावं लिहून, पुष्कळ काम करतात.

नावाचा घोळ वेगळाच. ताम्हणातल्या तांदळात अंगठीने लिहिलेलं सासरचं नाव पत्रिकेवर, शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव, पासपोर्टवर तिसरंच स्पेलिंग. कितीतरी जुन्या जन्मनोंदींत बाळाच्या नावाची जागा कोरी असते. हे सगळं अर्जाच्या आधी दुरुस्त करून घ्या. मराठी कागदाचं पूर्ण इंग्रजी भाषांतर आणि ते अचूक असल्याची भाषांतरकाराची सही लागते. अमेरिकेसाठी भाषांतरकार सरकारमान्यच हवा असं नाही.

मग मुलाखत. अमेरिकेत कायमच्या वास्तव्यासाठी जाणाऱ्यांची मुलाखत मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत होते. प्रश्न साधे असतात. स्थळ कुणी आणलं, बघण्याच्या कार्यक्रमाला कोण कोण होतं, लग्नाआधी किती वेळा भेटलात, तो काय काम करतो, त्याचं आधी लग्न झालं होतं का, घरात कोण कोण आहे. जोडपं अमेरिकेतच असेल आणि संशय आला, तर दोघांना वेगळं बसवून तेच प्रश्न विचारतात आणि उत्तरं ताडून बघतात.

इथे मुलींना एजंट काहीबाही पढवतात. कॉलेजपासून ओळख होती म्हण, फेसबुकवर जमलं म्हण. कशासाठी? कांदेपोह्यांचा कार्यक्रम झाला, मामाने स्थळ आणलं, आईवडिलांनी विचारलं आणि मी हो म्हटलं, यात लपवण्यासारखं काहीच नाही. ठरवून केलेलं लग्न तिथल्या अधिकाऱ्यांना नवं नाही. तिची स्वतःची संमती होती, एवढं त्यांना बघायचं असतं. पढवलेली गोष्ट दुसऱ्या प्रश्नाला फसते आणि खऱ्या लग्नावर संशय येतो.

ठरवलेल्या लग्नांकडे कायम इतक्या समजुतीने पाहिलं गेलं असंही नाही. ब्रिटनमध्ये १९९७ पर्यंत असा नियम होता, की ब्रिटनमध्ये येणं हा या लग्नाचा मुख्य हेतू नव्हता, हे अर्जदारानेच सिद्ध करायचं. लग्न खरं असूनही त्या नियमाखाली भारतीय उपखंडातल्या असंख्य जोडप्यांना नकार मिळाले. मनात काय नव्हतं हे कुणी कसं सिद्ध करावं? तो नियम १९९७ च्या जूनमध्ये रद्द झाला, ते योग्यच झालं. लग्न तपासणारे नियम फक्त परदेशातच आहेत असं नाही; आपल्याकडचा कायदाही लग्नाचा काळ बघतोच. भारतीयाशी लग्न केलेल्या परदेशी व्यक्तीला ओसीआय कार्ड हवं असेल तर नोंदणी झालेलं लग्न सलग दोन वर्षं टिकलेलं असावं लागतं.

इथवरचं बहुतेक लोक विचारून घेतात. पुढचं कुणी विचारत नाही, आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

अमेरिकेत नवऱ्याने केलेल्या अर्जावर, लग्नाच्या आधारावर कार्ड मिळताना लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर बायकोला दोन वर्षांचं सशर्त कार्ड मिळतं. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत नवराबायकोने मिळून आय-७५१ हा अर्ज भरायचा आणि संसार चालू असल्याचे पुरावे पुन्हा द्यायचे. ऑस्ट्रेलियातही आधी तात्पुरता व्हिसा आणि साधारण दोन वर्षांनी कायमचा. ब्रिटनमध्ये पाच वर्षं लागतात. एवढा काळ मुलीचं तिथलं राहणं नवऱ्याच्या सहीवर अवलंबून असतं, आणि काही घरांत त्या सहीचा चाबूक होतो. "जास्त बोललीस तर सही करणार नाही."

अमेरिकेत गेलेल्या, तालुक्यातल्याच एका मुलीवर ही वेळ आली. सगळी कागदपत्रं नवऱ्याच्या कपाटात, खातं त्याच्या एकट्याच्या नावावर. ती अंगावरच्या कपड्यांनिशी आणि पासपोर्ट घेऊन बाहेर पडली. तिथल्या मदत करणाऱ्या बायकांनी तिला सांगितलं, की मारहाण झाली किंवा घटस्फोट झाला तर नवऱ्याच्या सहीशिवाय एकटीला तो अर्ज करता येतो. मात्र लग्न खऱ्या मनाने केलं होतं, हे दाखवावं लागेल. तिच्या आईने ट्रंक उघडली. पत्रिका निघाली, कार्यालयाची पावती निघाली आणि आहेराची वही निघाली. शाळेची दोनशे पानी वही, पहिल्या पानावर 'श्री गणेश प्रसन्न', कडेला हळदीचे डाग. आत तिच्या चुलत्याच्या अक्षरात ओळीने नावं, गाव, आहेर. कुणी १०१, कुणी ५१, कुणी साडी, कुणी स्टीलचा डबा. पिलीव, खुडूस, माळशिरस, सदाशिवनगर. मुलाकडच्या लोकांची नावं वेगळ्या पानावर. ती पानं, पंचायतीच्या रजिस्टरची नक्कल आणि आईला व्हॉट्सअॅपवर पाठवलेले तिकडच्या घरातले फोटो भाषांतरासह गेले. तिचा अर्ज मंजूर झाला.

लग्न खरं होतं याचा पुरावा सगळ्यात जास्त लागतो तो लग्न मोडल्यावर. नवरा अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल आणि छळ करत असेल, तर १९९४ च्या कायद्याने बायको स्वतःचा अर्ज स्वतः करू शकते. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातही छळ झालेल्या जोडीदारासाठी तरतूद आहे. कॅनडाने जोडीदारासोबत दोन वर्षं राहण्याची अट २०१७ साली काढूनच टाकली. अमेरिकेच्या बाबतीत मात्र एक गोष्ट नीट समजून घ्या. मुलगा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आणि मुलगी एच-४ या त्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर असेल, त्याचंच ग्रीन कार्ड झालेलं नसेल, तर स्वतःचा अर्ज स्वतः करण्याचा हा मार्ग तिला खुला नाही. स्थळ बघताना पगार विचारता, तसा मुलाचा व्हिसा कोणता, हेही विचारा. त्यात कसला संकोच?

मुलीच्या आईवडिलांना माझं सांगणं आहे. लग्नानंतर ९० दिवसांत, खऱ्या तारखेने नोंद करा. दाखल्याच्या दोन-तीन प्रमाणित प्रती घ्या. पत्रिका, पावत्या, आहेराची वही टाकून देऊ नका. तिचा पासपोर्ट, दाखला आणि व्हिसाची कागदपत्रं तिच्या स्वतःच्या ताब्यात आणि तिच्या स्वतःच्या ईमेलवर असू द्या. सासऱ्यांच्या कपाटात नकोत, नवऱ्याच्या लॅपटॉपवरच नकोत. तिकडच्या बँकेत खात्यावर तिचंही नाव लागलं का, हे फोनवर विचारा. आणि सगळ्याची एक प्रत माहेरी ठेवा.