नऊ तालुके वर्तुळात मांडावेत का?

रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण, गुहागर, संगमेश्वर, रत्नागिरी, लांजा आणि राजापूर असे नऊ तालुके आहेत. जिल्ह्यातल्या एखाद्या कार्यालयासाठी नोंदणीचा प्रोग्रॅम लिहायला घेतला, की या नावांची नऊ बटणं पडद्यावर कशी मांडायची हे ठरवावं लागतं: एकाखाली एक, तीन-तीनच्या रांगांत, की गोलाकार? गोल मांडणी देखणी असते, पण तिचं खरं बळ त्यात नाही. सगळे पर्याय मध्यापासून सारख्याच अंतरावर आहेत, त्यांत पहिला-शेवटचा कोणी नाही, असं ती मांडणी न बोलता सांगत असते. ते खरं असेल, तरच ती वापरावी.

तिचं गणित अवघड नाही. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत खिडक्या-बटणं बनवायच्या ‘स्विंग’ या संचात रांगेच्या आणि जाळीच्या मांडण्या तयार मिळतात, वर्तुळाची मात्र आपली आपण लिहावी लागते. ३६० अंशांना बटणांच्या संख्येने भागायचं, म्हणजे नऊ बटणांना ४०-४० अंश येतात. त्रिज्येला कोनाच्या कोसाइनने गुणलं की केंद्रापासूनचं आडवं अंतर मिळतं आणि साइनने गुणलं की उभं. बटणाची जागा त्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यावरून ठरते, म्हणून निम्मी रुंदी आणि निम्मी उंची वजा करायची. खरी मेख त्रिज्येत आहे. ती कमी पडली तर बटणं एकमेकांवर चढतात. शेजारच्या दोन बटणांच्या केंद्रांमधलं अंतर म्हणजे वर्तुळात बसवलेल्या नवभुजाची बाजू. भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास ‘लीलावती’त ती काढायची रीत दिली आहे: व्यासाला ४१,०३१ने गुणून १,२०,०००ने भागायचं. ३०० पिक्सेल व्यासाला उत्तर येतं १०२.५८, आजच्या त्रिकोणमितीने येतं १०२.६१. म्हणजे १०० पिक्सेल व्यासाची गोल बटणं तिथे मोकळी बसतात.

ही खटपट कशासाठी? लक्ष्य जितकं दूर आणि जितकं लहान, तितका हात तिथे पोचायला वेळ लागतो, हे पॉल फिट्स यांनी १९५४ साली प्रयोगांतून मांडलं. माउसच्या टोकाभोवतीच पर्याय उघडले तर प्रत्येक पर्याय तितकाच जवळ येतो. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात १९८८ साली आठ पर्यायांच्या यादीशी अशा वर्तुळाची तुलना झाली, तेव्हा वर्तुळात सुमारे १५ टक्के कमी वेळ लागला. आपल्या लिपीतलं उदाहरण आयआयटी मुंबईच्या ‘स्वरचक्र’ कळफलकाचं. फोनवर व्यंजनाला बोट लावलं की त्याभोवती बाराखडीची रूपं चाकासारखी उमटतात आणि हव्या त्या दिशेला बोट सरकवलं की अक्षर तयार होतं. व्यंजन कोणतंही असो, काना-मात्रांच्या दिशा त्याच राहतात, म्हणून त्या हाताच्या सवयीच्या होतात.

यावर आक्षेप असा, की डोळ्यांना वाचायला यादीच सोपी. तो रास्त आहे. पर्याय वीस-पंचवीस झाले की प्रत्येकाच्या वाट्याला इतका चिंचोळा कोन येतो, की दिशेचा फायदा उरत नाही. तिथे यादीच हवी. शिवाय पडद्याच्या मधोमध कायमचं आखलेलं वर्तुळ मेरीलँडच्या निष्कर्षाचा आधार घेऊ शकत नाही, कारण माउस तिथे केंद्रातून निघत नाही. दुसरा आक्षेप असा, की बाराखडी तरी कुठे गोल फिरते? ती फिरत नाही. तिथे वर्तुळाचं समर्थन थोडे, ठरलेले आणि सतत लागणारे पर्याय हे आहे. तालुके थोडे आणि ठरलेले आहेत, पण त्यांना स्वतःचा क्रम आहे. जिल्हा उत्तर-दक्षिण लांबट. वर्तुळात त्याच क्रमाने गेलं तर उत्तर टोकाचं मंडणगड आणि दक्षिण टोकाचं राजापूर शेजारी येतात. नोंदणीच्या पानावर उत्तरेकडून दक्षिणेकडे लावलेली साधी यादीच अधिक प्रामाणिक. याउलट आंबा बागायतदारासाठी वर्षाच्या कामांचा तक्ता करायचा असेल, तर बारा महिने वर्तुळातच शोभतात: डिसेंबरला लागून जानेवारी येतो, मोहोरामागून फळ, फळामागून पाऊस आणि पुन्हा मोहोर. म्हणून कोन मोजण्याआधी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने दोन गोष्टी तपासाव्यात: ही माहिती खरोखर फिरून पहिल्या जागी येते का, किंवा हे थोडे पर्याय हाताच्या जागेभोवतीच उघडणार आहेत का. दोन्हींचं उत्तर नाही असेल, तर वर्तुळाचा मोह सोडावा.