टर्बो नवा, नळी जुनी

आखाडा बाळापूरला घरच्या अंगणातच मी जुन्या डिझेल गाडीचा टर्बो बदलला. महिन्याभरात नवाही शिट्टी मारायला लागला, मागून निळा धूर! पैसे पाण्यात. चूक माझीच.

टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तोही ऑइलच्या पातळ थरावर. ते ऑइल आणणारी बारीक नळी काजळीने चोंदली होती, अन् मी तीच परत बसवली. यावेळी नळी, ऑइल, फिल्टर सगळं नवं; स्टार्टरआधी टर्बोत थोडं ऑइलही ओतलं.

रीमॅप करून पॉवर वाढवायची होती, ते तूर्त थांबवलंय. बूस्ट वाढला की क्लचवरही ताण येतो ना!

तापलेली गाडी झटकन बंद केली की आतलं ऑइल जळून काजळी धरते. म्हणून नांदेडहून आलो की मिनिटभर गाडी नुसती चालू ठेवतो, मग चावी काढतो.