जुनी फोर-बाय-फोर घेताना : पेट्रोल की डिझेल?

सातपुड्याच्या पायथ्याशी आठवडी बाजार करणारा कापडवाला, कोकणात कातळावर बाग असलेला आंबेवाला, डोंगरपाड्यांवर खिडक्या-दरवाजे पोचवणारा सुतार यांना साधी गाडी पावसाळ्यात पुरत नाही. चिखलात मागची चाके जागच्या जागी फिरतात, माल भिजतो आणि बाजाराचा दिवस बुडतो. अशा बंधूंचा ओढा फोर-बाय-फोरकडे, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणाऱ्या गाडीकडे असतो.

नवी गाडी म्हणजे मोठी रक्कम आणि बहुधा बँकेचे व्याज. व्याजापासून दूर राहावे म्हणून आपल्यातले अनेकजण रोखीने जुनी गाडी घेतात. नियत चांगली आहे. पण ही रोकड दुकानाच्या भांडवलातूनच निघते. चार-पाच लाख गाडीत गेले म्हणजे तेवढा माल ईदच्या हंगामात दुकानात कमी, हे विसरून चालत नाही. म्हणून गाडीचा रंग आणि टायर पाहण्याआधी एका प्रश्नाचा नीट विचार करावा : पेट्रोल घ्यावी की डिझेल?

आधी गरज पाहावी

फोर-बाय-फोर गाडीत साध्या गाडीपेक्षा सामान जास्त असते. पुढचे डिफरन्शियल, जोर वाटणारा ट्रान्सफर केस, पुढचा जादा शाफ्ट हे सगळे वजन गाडी रोज ओढते, इंधन खाते आणि झिजते. वर्षातून दोनदाच चिखल लागत असेल तर मागच्या चाकांवर चालणारी बोलेरोही काम भागवते. बाजार दर आठवड्याला कच्च्या रस्त्याने असेल तरच हा जादा खर्च वसूल होतो.

नुसत्या नावावरही जाऊ नये. महिंद्राची नवी थार ऑक्टोबर २०२० मध्ये आली तेव्हा ती फोर-बाय-फोरच होती; पण जानेवारी २०२३ पासून तिची फक्त मागच्या चाकांवर चालणारी आवृत्तीही मिळू लागली. दोन्ही बाहेरून सारख्याच दिसतात. गिअरच्या दांड्याशेजारी ट्रान्सफर केसचा दुसरा दांडा आहे की नाही, हे पाहावे.

दोन इंजिनांचा स्वभाव

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण प्लगच्या ठिणगीने पेटते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि तिच्यात डिझेल फवारताच ते पेट घेते. हा दाब सोसण्यासाठी डिझेल इंजिनाचे भाग जाड व वजनदार करावे लागतात. म्हणून ते महाग असते. पण नीट सांभाळले तर पुष्कळ वर्षे टिकते.

डिझेलची ओढ कमी फेऱ्यांवरच मिळते. भरलेली गाडी चढावर हळूहळू काढायची असेल तर हा गुण उपयोगी पडतो. जुन्या मारुती जिप्सीच्या १.३ लिटर पेट्रोल इंजिनाची ओढ सुमारे १०३ न्यूटन मीटर, तर २०१० साली आलेल्या थारच्या २.५ लिटर सीआरडीई डिझेलची २४७. फरक दुपटीहून जास्त आहे.

पण "ओढ म्हणजे डिझेलच" हा जुना समज आता पूर्ण खरा राहिलेला नाही. २०२० च्या थारमध्ये २ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन आले. त्याची ओढ मॅन्युअल गाडीत ३०० न्यूटन मीटर आहे आणि त्याच गाडीच्या २.२ लिटर डिझेलचीही ३०० च आहे. जोरात ते कमी नाही, फक्त माल भरून चढाला लागले की पेट्रोल भराभर पिते.

बाजारात काय मिळते

पेट्रोलमध्ये पहिले नाव जिप्सीचे. ती १९८५ साली आली, १९९६ साली तिला १.३ लिटरचे इंजिन मिळाले आणि सामान्य ग्राहकांसाठी तिची विक्री २०१९ च्या सुमारास बंद झाली. ती वजनाला हलकी आहे, त्यामुळे कमी ओढ असूनही चिखलातून अलगद निघते. मात्र तिच्यात माल फार मावत नाही आणि मागे बसणाऱ्याची हाडे खिळखिळी होतात. जून २०२३ मध्ये आलेली पाच दारांची जिम्नी हीसुद्धा पेट्रोलवरच चालते. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल इंजिनच सोडले, त्यामुळे जिम्नीत डिझेल शोधू नये.

डिझेलमध्ये महिंद्राचे राज्य आहे. जुन्या जीपा, फोर-बाय-फोर बोलेरो, स्कॉर्पिओ, थार यांचे सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात आणि त्यांचे काम जाणणारा मिस्त्री प्रत्येक नाक्यावर असतो. खेड्यात गाडी बंद पडली तर हा गुण मायलेजपेक्षा मोठा ठरतो.

हिशेब मांडून पाहू

डिझेल स्वस्त, म्हणून डिझेल गाडी फायद्याची, हे गणित जुन्या काळचे आहे. सरकारने पेट्रोलचे भाव जून २०१० मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये बाजारावर सोपवले. त्याआधी दोघांच्या भावात जी मोठी दरी होती ती नंतर भरत आली. कापडाचा भाव आपण मीटरवर काढतो, तसा गाडीचा भाव किलोमीटरवर काढावा.

समजा पेट्रोल १०४ रुपये लिटर आणि गाडी लिटरला १० किलोमीटर देते. किलोमीटरला १० रुपये ४० पैसे पडले. समजा डिझेल ९० रुपये आणि गाडी १२ किलोमीटर देते. किलोमीटरला साडेसात रुपये पडले. वाचले २ रुपये ९० पैसे. डिझेलच्या जादा देखभालीचे ४० पैसे वजा केले की निव्वळ बचत अडीच रुपये.

आता समजा त्याच वयाची डिझेल गाडी पेट्रोलपेक्षा १ लाख २० हजारांनी महाग आहे. ही जादा रक्कम वसूल व्हायला ४८ हजार किलोमीटर चालावे लागेल. महिन्याला २ हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे पैसे दोन वर्षांत परत येतात आणि पुढची बचत खरा नफा ठरते. महिन्याला ५०० किलोमीटर फिरणाऱ्याला मात्र आठ वर्षे लागतात. घेताना गाडी आठ वर्षांची असेल तर वसुली सोळाव्या वर्षी होणार. आणि खाजगी गाडीची नोंदणी तर पंधरा वर्षांची असते. म्हणजे नफ्याचा दिवस उजाडण्याआधीच फेरनोंदणी, त्याची फी आणि पर्यावरण कर दारात उभे.

हे आकडे उदाहरणाचे आहेत. आपल्या पंपाचा भाव, आपल्या गाडीचे अ‍ॅव्हरेज आणि आपले किलोमीटर घालून प्रत्येकाने स्वतःचा हिशेब कागदावर करावा. अंदाजाने केलेल्या सौद्यात बरकत राहत नाही.

दुरुस्तीची बाजू

जुन्या पद्धतीच्या डिझेलचा पंप आणि नोझल आपला मिस्त्री खोलून बसवू शकतो. सीआरडीई म्हणजे कॉमन रेल इंजिनात इंधनाचा दाब फार मोठा असतो आणि सगळे काम कॉम्प्युटरच्या हुकमाने चालते. डिझेलमध्ये पाणी किंवा कचरा आला की इंजेक्टर जातात. एकेक इंजेक्टर हजारोंचा, आणि गाडीत चार. टर्बो गेला तर वेगळा खर्च.

एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ चे नियम आले. या गाड्यांच्या डिझेलमध्ये सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी असते. तिला डीपीएफ म्हणतात. गाडी मोठ्या रस्त्यावर काही वेळ सलग धावली की जाळी तापते आणि काजळी जळून साफ होते. जो रोज घर ते दुकान, दुकान ते मशीद एवढाच दोन-तीन किलोमीटर फिरतो, त्याच्या गाडीची जाळी तापतच नाही, ती तुंबते आणि दिवा लागतो. अशा वापराला बीएस-६ डिझेल अजिबात योग्य नाही.

पेट्रोल इंजिन साधे आणि दुरुस्तीला हलके. पण तिथेही एक नवी गोष्ट आली आहे. २०२५ पर्यंत बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ताकद कमी असते, म्हणून अ‍ॅव्हरेज थोडे घटते. ते हवेतले पाणी ओढून घेते आणि जुन्या रबरी नळ्या, वायसर यांना त्रास देते. जुनी जिप्सी घेणाऱ्याने इंधनाच्या नळ्या आणि टाकी तपासून घ्यावी. तसेच पावसाळाभर गाडी नुसती उभी ठेवू नये.

पाण्यातून जाण्याबद्दलही एक गैरसमज आहे. जुनी पेट्रोल गाडी डिस्ट्रिब्युटर आणि वायरी भिजल्या की बंद पडते. डिझेलला ठिणगी लागत नसल्याने ती चालत राहते, हे खरे. पण हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये शिरले तर डिझेलचेच नुकसान मोठे होते. पाणी दाबले जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. ओढ्याच्या पाण्यापुढे दोन्ही इंजिने दुबळीच.

गाडी पाहताना

गाडी पाहायला सकाळी जावे आणि इंजिन आधी सुरू करू नका असे मालकाला सांगून ठेवावे. थंड इंजिनच खरे बोलते. निळा धूर दिसला तर इंजिन ऑइल पिते. काळा धूर सतत येत असेल तर नोझल, टर्बो किंवा हवेचा फिल्टर यांत दोष आहे. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबला नाही तर हेड गॅस्केटचा संशय धरावा. डिझेल गाडीत चालू इंजिनावर ऑइलचे झाकण उघडून पाहावे. आतून जोरात वाफारा येत असेल तर रिंगा-पिस्टन झिजले आहेत आणि इंजिनाचे काम जवळ आले आहे.

मग फोर-बाय-फोर तपासावे. हे काम डांबरी रस्त्यावर करू नये, मोकळ्या मातीच्या जागेत करावे. हाय आणि लो दोन्ही गिअर पडतात का, पुढची चाके खरोखर ओढतात का, वळताना कटकट आवाज येतो का, हे पाहावे. चारही टायर एकाच मापाचे हवेत. जुन्या जिप्सीच्या पुढच्या चाकांवरचे हब हाताने फिरवून लॉक होतात का तेही बघावे. पुष्कळ गाड्यांत ते वर्षानुवर्षे न फिरवल्याने जाम झालेले असतात. आपला ओळखीचा मिस्त्री बरोबर न्यावा आणि त्याची मजुरी आनंदाने द्यावी.

कागदपत्रे

आरसीवर लिहिलेले इंधन आणि बॉनेटखालचे इंजिन एकच आहे का, हे आधी पाहावे. जुन्या पेट्रोल जीपांना डिझेल इंजिन बसवण्याची पद्धत आपल्याकडे होती. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे असा बदल आरटीओच्या मंजुरीने आरसीवर चढवावा लागतो. तो नसेल तर अपघाताच्या वेळी विम्याचा वाद उभा राहतो. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर स्वतः मिळवून पाहावेत.

स्वस्त डिझेल गाड्या दिल्लीकडून येतात, त्याचे कारण समजून घ्यावे. तिथे दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना बंदीचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने दिला आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो उचलून धरला. ऑगस्ट २०२५ मध्ये कोर्टाने निव्वळ वयावरून सक्तीची कारवाई करू नये असे सांगितले; पण मधल्या वर्षांत पुष्कळ गाड्या इतर राज्यांत विकल्या गेल्या. महाराष्ट्रात डिझेलला असा दहा वर्षांचा नियम नाही. तरी परराज्यातली गाडी घेताना एनओसी, बँकेचा बोजा उतरल्याचा दाखला आणि इथे भरावा लागणारा रोड टॅक्स किमतीत धरावा. महाराष्ट्रात नव्या खाजगी गाडीवर पेट्रोलला ११ ते १३ टक्के आणि डिझेलला १३ ते १५ टक्के कर लागतो. जुन्या गाडीला वयाप्रमाणे तो कमी होतो, पण डिझेलचे पारडे जडच राहते. गाडी आपल्या नावावर करण्याचा अर्ज तीस दिवसांत द्यावा. "नंतर करू" म्हणून ठेवलेली गाडी दुसऱ्याच्याच नावाने चालत राहते.

तात्पर्य

महिन्याला दीड-दोन हजार किलोमीटर, मालाने भरलेली गाडी, घाटाचे रस्ते असे काम असेल तर डिझेल घ्यावी. आणि गावातल्या मिस्त्रीच्या हाताखालची असेल तर अधिक बरे. बाजार जवळचे, माल हलका आणि गाडी आठवड्यातून दोनच दिवस निघत असेल तर चांगल्या अवस्थेतली पेट्रोल गाडी घ्यावी आणि वाचलेले लाख-सव्वा लाख दुकानात घालावेत. ती रक्कम मालात फिरली तर डिझेलच्या बचतीपेक्षा जास्त कमावून देईल.

शेवटी विकणाऱ्यासाठीही दोन शब्द. ऐब लपवून माल विकणे आपल्या दीनमध्ये मना आहे. हा नियम थानाला लागू आहे तसाच गाडीलाही आहे. इंजिन ऑइल पीत असेल तर तसे सांगून भाव कमी घ्यावा. घेणाऱ्यानेही दोष सांगणाऱ्या माणसाला भावात नाहक पिळू नये. असा सौदा दोघांच्याही पचनी पडतो आणि इन्शाअल्लाह त्यातच बरकत असते.