दाण्याच्या भांड्यातून पसरलेली साथ

न्यूयॉर्कमधील पाळीव पक्ष्यांच्या दुकानांत १९४०च्या सुमारास 'हॉलिवूड फिंच' अशा भपकेदार नावाने एक गाणारा पक्षी विकला जाई. त्याचे खरे नाव हाऊस फिंच. आकाराने तो आपल्या चिमणीएवढा, नराचे डोके आणि छाती लालसर. मूळचा तो पश्चिम अमेरिकेतला आणि मेक्सिकोतला. रानपक्ष्यांच्या विक्रीबद्दल कायद्याचा बडगा येणार असे दिसताच विक्रेत्यांनी पिंजरे उघडून पक्षी लाँग आयलंडवर सोडून दिले.

या थोड्याशा पक्ष्यांच्या वंशजांनी पुढच्या पन्नासेक वर्षांत अमेरिकेचा जवळपास सगळा पूर्व भाग व्यापला. जंगलापेक्षा त्यांना माणसांची वस्ती मानवली. घरटे वळचणीला किंवा टांगलेल्या कुंडीत, आणि खायला परसातल्या फीडरमधल्या, म्हणजे दाण्याच्या टांगत्या भांड्यातल्या, सूर्यफुलाच्या बिया!

फेब्रुवारी १९९४ मध्ये वॉशिंग्टन परिसरात डोळे सुजलेले, चिकटलेले फिंच दिसू लागले. जंतू निघाला मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकम. कोंबड्यांच्या 'सीआरडी' या श्वसनरोगामुळे आपल्याकडचे पोल्ट्रीवाले त्याला चांगले ओळखतात. (माणसाला त्याची लागण होत नाही.) दिसेनासे झालेला पक्षी उपाशी मरतो किंवा मांजराच्या तोंडी जातो. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने सामान्य पक्षीप्रेमींकडून नोंदी गोळा केल्या. पूर्वेकडे जिथे फिंचची दाटी होती, तिथे काही वर्षांतच संख्या निम्म्यावर आली.

दाटी व्हायची ती फीडरवर. आजारी पक्षी दाणे टिपताना डोळ्यांतला स्राव भांड्याच्या तोंडाला लागतो. पुढचा पक्षी तिथेच डोके घालतो. फीडरवर जास्त वेळ घालवणारे पक्षीच रोग घेतात आणि पसरवतातही, असे संशोधनात आढळले. ज्या दाण्यांवर हा पक्षी वाढला, त्यांनीच त्याला साथीच्या तोंडी दिले.

पुढच्या पिढ्यांत काही ठिकाणी प्रतिकारशक्ती वाढली. जंतू मात्र मवाळ झाला नाही. उलट अधिक घातक वाण पुढे आले. साथ जुनी झाली की आपोआप सौम्य होते, हा आपला लाडका समज इथे तरी टिकला नाही.

अमेरिकेतल्या ज्या मराठी घरांच्या परसात फीडर आहे, त्यांनी तो दर दोन आठवड्यांनी रिकामा करून नऊ भाग पाणी आणि एक भाग ब्लीच या मिश्रणात बुडवावा, स्वच्छ धुऊन पूर्ण वाळल्यावरच भरावा. खाली सांडलेले दाणेही झाडून टाकावेत. सुजल्या डोळ्यांचा पक्षी दिसलाच, तर फीडर काही दिवस उतरवून ठेवावा.