मिताहार आणि उपासमार

आयुष्य वाढविणाऱ्या गोळ्यांविषयी पालक आम्हांस विचारतात. १९३५ साली अमेरिकेत क्लाइव्ह मॅके यांना आढळले, की पोषणद्रव्ये पुरेशी ठेवून अन्न कमी दिलेले उंदीर अधिक जगतात. अन्न घटले, की पेशी वाढ आवरून दुरुस्तीकडे वळतात. रापामायसीन हे औषध पेशींना तसाच संकेत देते. २००९ मध्ये त्याने उंदरांचे आयुष्य वाढल्याचे दिसले. माणसांत तसे सिद्ध झालेले नाही; शिवाय त्याने रोगप्रतिकारशक्ती मंदावते.

अष्टशीलातील विकालभोजनाचा त्याग हा स्वेच्छेचा संयम होय. १९७२ च्या दुष्काळात काटेवाडी परिसरातील आमच्या वस्त्यांनी सोसली ती उपासमार. तिने आयुष्य वाढत नाही, खुंटते. म्हणून वसतिगृहातील वाढत्या मुलांचे ताट भरलेलेच असावे, असे आम्ही मानतो.