राउटर आहे, पण दिसत नाही

राउटरचे दिवे लुकलुकताहेत. संगणकाच्या यादीत मात्र आपल्या वायफायचं नाव नाही. अशा वेळी मी आधी ती यादी नीट पाहतो. ती अगदी रिकामी असेल, तर बहुधा संगणकाचंच वायफाय बंद असतं. शेजाऱ्यांची नावं दिसत असतील, तर मी मोबाइल हातात घेतो. त्यालाही आपलं नाव दिसत नसेल, तर राउटरचं वायफाय बंद आहे किंवा नाव लपवलेलं आहे. मोबाइलला दिसतं आणि संगणकाला नाही, तर सहसा दोघंही ठणठणीत असतात!

मंडळी, वायफाय हाही रेडिओच. ज्या लहरी आपला संच पकडत नाही, ते केंद्र लागणार कसं? आजचे बहुतेक राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर बोलतात. पुष्कळ जुन्या लॅपटॉपना पहिलाच पट्टा ऐकू येतो. त्यातही आपल्याकडे १ ते १३ चॅनेल चालतात. अमेरिकेसाठी बनवलेले अनेक लॅपटॉप ११ च्या पुढे शोधतच नाहीत.

शेजारच्या आजींचा, मुलाने तिकडून पाठवलेला लॅपटॉप असाच भंगारात निघाला होता. नातीशी रविवारच्या गप्पा त्याच्यावरच व्हायच्या. मी तो केबलने राउटरला जोडला, राउटरच्या तळाशी छापलेल्या पत्त्यावरून सेटिंग उघडलं आणि चॅनेल १३ चं ६ केलं. नाव लगेच यादीत आलं.

तेव्हा नवा संगणक घ्यायची घाई नको. आधी चॅनेल तपासा.