सिग्नल पाडणारे हात

कासूचं नाव वर्तमानपत्रात येतं ते बहुधा रस्त्यापायी. मुंबई-गोवा महामार्गाच्या कामाचे 'पळस्पे ते कासू' आणि 'कासू ते इंदापूर' असे टप्पे पडले आणि पेण-नागोठण्यामधलं हे गाव खड्ड्यांच्या बातमीत जाऊन बसलं. दिवा-रोहा मार्गावर गावाचं रेल्वे स्थानकही आहे. त्याची बातमी होत नाही. गाडीला वाट मिळते ती रंगीत दिव्यांवर, तरी जुन्या माणसांच्या तोंडी शब्द तोच: 'सिग्नल पडला!' दिवा कसा पडेल? पडायचा तो हात. खांबावरचा पांढऱ्या पट्ट्याचा लाल हात आडवा असेतो गाडी उभी, खाली झुकला की वाट मोकळी.

असे हात पडताना बघायचे तर इंग्लंडमधली सेव्हर्न व्हॅली रेल्वे गाठावी. बर्मिंगहॅमहून किडरमिन्स्टरला उतरलं की शेजारीच तिचं स्थानक. तिथून ब्रिजनॉर्थपर्यंत सोळा मैल, म्हणजे सुमारे २६ किलोमीटर, सेव्हर्न नदीच्या काठाकाठाने वाफेची गाडी. मूळ मार्ग १८६२ चा. १९६३ मध्ये इथली प्रवासी वाहतूक थांबली आणि १९६५ मध्ये हौशी लोकांनी संस्था काढली. २३ मे १९७० रोजी त्यांची पहिली प्रवासी गाडी धावली, १९८४ मध्ये ती किडरमिन्स्टरला पोचली. पगारी माणसं आहेत, पण भार स्वयंसेवकांवर.

मधल्या ब्यूडली स्थानकाला दोन टोकांना दोन सिग्नल केबिन आहेत. आत रंगवलेल्या लिव्हरांची रांग: लाल सिग्नलचे, काळे रूळ बदलणाऱ्या सांध्यांचे, निळे सांध्यांच्या कुलपांचे. हातातल्या फडक्याशिवाय लिव्हरला कुणी शिवत नाही, कारण घामाने पॉलिश केलेली मूठ गंजते. लिव्हर ओढला की तार कप्प्यांवरून सरकत दूरच्या खांबापर्यंत जाते आणि हात पडतो. तार तुटलीच तर वजनाच्या भाराने तो आपोआप आडवा, म्हणजे 'थांबा'. यंत्र बिघडावं तर असं, शहाण्या बाजूला!

खरी करामत मात्र केबिनच्या मजल्याखाली. लिव्हर एकमेकांत लोखंडी पट्ट्यांनी अडकवलेले असतात. सांधा नीट बसल्याशिवाय त्या वाटेचा सिग्नल पडतच नाही. आयर्लंडमधल्या आर्माघच्या १८८९ च्या भीषण अपघातानंतर ब्रिटनने कायद्याने ही व्यवस्था सक्तीची केली. म्हणजे हे सांभाळणं निव्वळ हौस नव्हे. कप्प्यांना तेल, खांबांना रंग, उन्हात सैल पडलेल्या तारेला ताण, हे सगळं झालंच पाहिजे. तार ढिली राहिली तर हात अर्धवट झुकतो, आणि अर्धवट सिग्नलवर कुठला ड्रायव्हर विश्वास ठेवील? सुट्टीच्या दिवशी चिखलात उतरून हे करणाऱ्यांना मी तरी छांदिष्ट म्हणणार नाही.

पाऊस तिथेही वैरी. जून २००७ च्या अतिवृष्टीत या मार्गाचे भराव ठिकठिकाणी वाहून गेले आणि पूर्ण मार्ग पुढच्या वर्षी सुरू झाला. हे वाचताना रायगडकराला २६ जुलै २००५ आठवतोच. त्या पावसाने नेरळ-माथेरानची गाडी २००७ पर्यंत बंद पाडली होती.

माथेरानची ही गाडी १९०७ ची, आदमजी पीरभॉय घराण्याने बांधलेली, पुढे सरकारी रेल्वेकडे गेलेली. ती सांभाळते मध्य रेल्वे. जपणूक होते, पण रंगाचा डबा घेऊन रविवारी जाणाऱ्या नेरळकराला तिथे जागा नाही, आणि ती असायला हवी. तिच्या पहिल्या चार वाफेच्या इंजिनांपैकी ७४० क्रमांकाचं इंजिन परदेशी गेलं. त्याला सांभाळलं ते इंग्लंडमधल्याच लेटन बझर्डच्या छोट्या रेल्वेवरच्या स्वयंसेवकांनी.